दुधाचा हिशेब आणि रात्रीचा घास

नमस्कार श्रोतेहो.

या घडीला बहुतेक घरांमध्ये जेवणं आटोपली असतील, ओटा पुसणं चाललं असेल. ज्या घरात लिव्हर सिरॉसिसचा पेशंट आहे, त्या घराला माझी पहिलीच विनंती आहे. ओटा पुसा, पण स्वयंपाकघर बंद करू नका. त्या माणसाला झोपण्यापूर्वी आणखी एकदा खायला द्यायचं आहे. ग्लासभर दूध, एक केळं, एक पोळी. केळं नको असेल तर दूध-भाकरी कुस्करून द्या, दूध-पोहे द्या. पण द्या.

कारण सांगते. चांगलं लिव्हर दिवसा साखर साठवतं आणि रात्री आपण झोपलो की थोडी थोडी सोडत राहतं. सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक होतं, आकसतं, आणि हे कोठारच रिकामं पडतं. मग मध्यरात्रीपासून शरीर स्वतःचे स्नायू मोडून खायला लागतं. तुम्हा-आम्हाला दोन-तीन दिवसांच्या कडक उपासात जे होतं, ते या पेशंटला एका रात्रीत होतं. एका रात्रीत! म्हणून दंड वाळतात, मांड्या उतरतात आणि पोट तेवढं पुढे दिसतं. आणि स्नायू म्हणजे नुसती ताकद नव्हे. रक्तातला अमोनिया साफ करायचं लिव्हरचं काम थोडंफार स्नायूही करतात. स्नायू गेले की अमोनिया वाढतो, आणि अमोनिया वाढला की तो मेंदूवर जातो.

मेंदूवर जातो म्हणजे काय होतं, ते मी एका काकूंकडून शिकले. आहारतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं नागपुरात काम करते आहे, पण हा आजार ओळखायला त्या काकूंनी मला जसं शिकवलं, तसं पुस्तकांनी शिकवलं नाही. ही गोष्ट मी प्रत्येक नवीन पेशंटच्या घरच्यांना सांगते. आज तुम्हाला सांगते.

मे महिना होता, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, सुरू झालेला. पारा ४५च्या वर. ओपीडीत माझ्या टेबलासमोर एक काका-काकू येऊन बसले, सक्करदऱ्याकडचे. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, मालधक्क्यावर हिशेबाचं काम केलेलं. मधुमेह जुना, त्यातून फॅटी लिव्हर, त्यातून सिरॉसिस. दारूचा थेंब कधी घेतलेला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण लिव्हर म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच बाटलीची खूण करतात. फॅटी लिव्हर, कावीळ बी, कावीळ सी, यातूनही हाच आजार होतो. त्या काकांनी तर नातेवाइकांकडे जाणंच कमी केलं होतं, चार लोकांत मान खाली जाते म्हणून. माणसाला आजारापेक्षा अशा नजरा जास्त थकवतात. आणि ज्यांना दारूमुळे झाला आहे, त्यांनाही दारू सुटायला मदत लागते, टोमणे नाही. असो.

मी म्हटलं, "काकू, फाइल द्या." काकूंनी पिशवीत हात घातला आणि फाइलच्या आधी एक गुंडाळी काढली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान! टेबलावर पसरलं, दोन्ही टोकांना हात ठेवून दाबून धरलं. शेजारी मुलगा उभा होता, तो म्हणाला, "आई, कॅलेंडर काय दाखवून राहिली, रिपोर्ट दाखव ना." काकूंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाल्या, "मॅडम, हा दुधाचा हिशेब आहे. रोज सकाळी हेच लिहितात. तुम्ही बघा जी."

मी बघू लागले. १ तारखेपासून १५ तारखेपर्यंत प्रत्येक चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईने एकच आकडा, १. छापल्यासारखा, सगळे एका उंचीचे. १६ची चौकट रिकामी, त्या दिवशी काटोलला पुतण्याचं लग्न होतं. १७ला आकडा थोडा कललेला. १९ला तो चौकटीच्या रेघेवर बसलेला. २१ला रेघ ओलांडून शेजारच्या घरात गेलेला, आणि शाई कापल्यासारखी, बारीक करवतीच्या दातांसारखी. २३ला लिहिलं होतं अडीच. दूध आलं होतं एकच लिटर. २४ला काहीच नाही. २५ला एकाच चौकटीत तीन वेळा १, एकावर एक.

काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली लग्नाला. यांनी एक आकडा इकडचा तिकडे नाही केला. हे यांचं अक्षर नाही, मॅडम."

मी काकांकडे वळले. ते समोरच्या पंख्याकडे बघत होते. रात्रभर जागे आणि दिवसा पेंगलेले, असं आठ दिवसांपासून चाललं होतं. आदल्या दिवशी गणपतीसमोर दिवा लावायला म्हणून उठले आणि काडेपेटी फ्रिजमध्ये ठेवून आले. घरच्यांना वाटलं, वय झालं, ऊन लागलं. मी म्हटलं, "काका, दोन्ही हात पुढे करा. मनगट वर उचला, वाहतूक पोलीस गाडी थांबवतो तसे." त्यांनी केले. दोन क्षण हात स्थिर राहिले, आणि मग तळवे एकदम खाली पडले, परत वर आले, परत पडले. भिंतीवर बसलेलं कबुतर पंख सावरतं तसे. मी उठले आणि शेजारच्या खोलीतून डॉक्टरांना बोलावून आणलं. काका त्याच दुपारी भरती झाले.

झालं काय होतं? लग्नाला बसने जायचं, वाटेत संडासची सोय नाही, म्हणून काकांनी १४ तारखेपासून ते गोड पातळ औषध, लॅक्टुलोज, स्वतःच बंद केलं. लग्नाहून आल्यावर वाटलं, बरं वाटून राहिलं, आता कशाला घ्यायचं. पोट साफ होणं थांबलं. लॅक्टुलोज हे नुसतं पोट साफ करायचं औषध नाही, ते आतड्यातला अमोनिया बाहेर काढतं. दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शौचाला झालं पाहिजे. दोन ते तीन वेळा. कमी नाही, आणि पाण्यासारखं सहा वेळाही नाही, कारण त्यानेही शरीर सुकतं आणि तोच त्रास उलटून येतो.

दुसरं, लग्नात एका जाणत्या माणसाने काकूंना सांगितलं की लिव्हरवाल्याला पिवळं काही देऊ नये, वरण बंद, हळद बंद, दूध जड. काकूंनी नेमाने ऐकलं. सकाळी मऊ भात, संध्याकाळी सातला तांदळाची पेज, आणि मग दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत काही नाही. चौदा तास! तिसरं, पायांवर सूज होती म्हणून काकांनी त्या उन्हात पाणी पिणं तोडलं, आणि लघवीच्या गोळ्या मात्र चालूच होत्या. तीन गोष्टी एकत्र आल्या आणि आकडे चौकटीबाहेर गेले.

काकूंना हे समजलं तेव्हा त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून रडल्या. "मीच उपाशी ठेवलं हो यांना." मी त्यांचा हात धरून सांगितलं, तुम्हीच वेळेवर आणलं. मुलाने रिपोर्ट बघितले होते, मीही आधी रिपोर्टच बघितले असते. तुम्ही अक्षर बघितलं.

चौथ्या दिवशी काकांना चांगली शुद्ध आली. मी राउंडला गेले तेव्हा उशीला टेकून बसले होते. मला ओळखलं नाही, पण काकूंना पहिला प्रश्न केला, "दुधाचा हिशेब कोणी लिहिला?" काकू म्हणाल्या, "कोणीच नाही." तर नाराज झाले, म्हणाले, "मग त्या दूधवाल्याला पैसे कोणत्या हिशेबाने देणार?" त्या वॉर्डात इतक्या आनंदाने कोणी नवऱ्याची नाराजी ऐकून घेतली नसेल.

तेव्हापासून मी म्हणते, घरातल्या वडीलधाऱ्यांना रोज दोन ओळी हाताने लिहायला लावा. किराण्याची यादी, जमाखर्च, देवाचं नाव, काहीही. आता मोबाइलवर बोट फिरवून सगळं होतं, माणसाचं अक्षर घरात कोणाला माहीतच नसतं. माझ्या वडिलांचं एक पोस्टकार्ड माझ्याजवळ आहे, त्यातला "आशीर्वाद" हा शब्द बघितला की त्यांचा हात दिसतो. सिरॉसिसच्या घरात तर रोजची सही हे फुकटातलं औषध समजा. सही बदलली, रात्र-दिवस उलटले, माणूस विनाकारण चिडू लागला, की त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तोपर्यंत त्याला गाडी चालवू देऊ नका.

आता आहाराचं भराभर सांगते.

वरण बंद करू नका. पुन्हा सांगते, वरण बंद करू नका. पूर्वी अमोनिया वाढला की प्रथिनं तोडायचे, आता तसं करत नाहीत. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. घट्ट वरण, मुगाची उसळ, दही, पनीर, सोयाबीन वडी, फुटाणे, पूर्ण उकडलेलं अंडं. डाळी आणि दूधदुभतं या पेशंटला मटणापेक्षा जास्त मानवतं. जागेपणी तीन-चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवू नका. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यातलं काहीही त्यांनी धरायचं नाही. मधुमेह असेल तर गोळी-इन्शुलिन डॉक्टरांकडून बसवून घ्या, पण रात्रीचा घास तोडू नका.

मीठ. आपल्याकडे लोक हळदीला घाबरतात, तिखटाला घाबरतात आणि मिठाला कोणी घाबरत नाही! पोटात पाणी झालेल्या पेशंटला दिवसभराचं मिळून सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. त्यातच भाजी, त्यातच पोळी. मग तर्री-पोहा, सावजी रस्सा, लोणचं, पापड, ठेचा, फरसाण आणि पोट जड वाटलं की पाण्यात टाकतात ती फसफसणारी पावडर, हे सगळं बाजूला गेलं. सैंधव हेही मीठच आहे. आणि दुकानात मिळतं ते कमी सोडियमचं मीठ तर विचारल्याशिवाय आणूच नका, त्यात पोटॅशियम असतं आणि लघवीच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढतं. चव लिंबाने आणा, सांभाराने म्हणजे कोथिंबिरीने आणा, लसूण-जिऱ्याने आणा. पण मीठ तोडलं म्हणून माणूस जेवेनासाच झाला, तर मीठ थोडं वाढवा, जेवण वाढवा. उपासमार जास्त वाईट.

पाणी सगळ्यांना तोडायचं नसतं. रक्तातलं सोडियम फार उतरलं असेल तरच डॉक्टर तसं सांगतात. नागपूरच्या उन्हात स्वतःच्या मनाने पाणी तोडू नका.

व्यायाम म्हणजे चालणं आणि खुर्चीवरून उठणं. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, दिवसातून दोन-तीनदा. मांड्या टिकल्या तर पुष्कळ टिकतं. जड वजन उचलू नका, अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या असतील तर आतला दाब वाढतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत चालून या. फुटाळा तलावाला जमलं तर तिथे, नाहीतर गच्चीवर, गॅलरीत. रस्त्यावर चाला म्हणायचं माझ्या जिवावर येतं. रस्ते रुंद झाले, पण फुटपाथवर दुचाक्या आणि दुकानांच्या पाट्या. सत्तर वर्षांच्या माणसाने काठी टेकायची कुठे? हे बोलायला मला दुसरा दिवस मागून घ्यावा लागेल.

रोज सकाळी शौचाहून आल्यावर वजन करा आणि लिहा. आठवड्यात दोन किलोच्या वर चढलं तर ते पोटातलं पाणी आहे, अंगी लागलेलं जेवण नव्हे. अंगाला खाज सुटते, त्यासाठी कोमट पाण्याने अंघोळ, खोबरेल तेल आणि औषधही आहे, सोसत बसू नका. गुडघे दुखले तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अजिबात नाही, त्याने किडनी बसते आणि रक्तस्राव होऊ शकतो. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी नाही. गुळवेलीचा काढा नाही. करोनाच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेले रुग्ण आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. गावोगावी कावीळ उतरवणारे असतात, त्यांच्या पुड्यांत काय असतं हे कोणालाच सांगता येत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका, लिव्हरमध्ये गाठ असेल तर ती लहान असतानाच सापडली पाहिजे.

आणि हे नीट ऐका. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, ताप येऊन पोट दुखणं, माणूस हाक मारूनही नीट उठत नाही. यातलं एक जरी झालं, तरी "सकाळपर्यंत बघू" म्हणायचं नाही. १०८ला फोन करा, मेडिकल कॉलेजचं रुग्णालय जवळ असेल तर तिथे, मेयो रुग्णालय जवळ असेल तर तिथे, पण त्याच रात्री.

काकूंचा फोन पोळ्याच्या आदल्या दिवशी आला होता. कॅलेंडरवर आता तीन आकडे असतात म्हणे, दूध, वजन, आणि शौचाला किती वेळा गेले. तिसरा आकडा लिहायला काका लाजायचे, आता तेच आठवणीने लिहितात. फोन केला होता पुरणपोळी द्यायची का विचारायला. मी सांगितलं, द्या. साखर तपासा, पुरण बेताचं गोड करा, कढीत मीठ कमी. अर्धी दुपारी द्या आणि अर्धी ठेवून द्या, रात्री साडेनवाला, दुधाबरोबर.

नमस्कार.