भट्टीवरच्या लेकराचं नाव कुठल्या रजिस्टरात?

मंडळी, ठाण्यात कुपोषणाचा विषय काढला की लोक मेळघाटाबद्दल विचारतात. माझं म्हणणं, कसाऱ्याची लोकल पकडा आणि आटगाव नाहीतर खर्डीला उतरा. हा शहापूर तालुका. भातसा, तानसा इथलेच. मुंबईच्या नळाला इथलं पाणी जातं. आणि इथल्याच कातकरी वाड्यांतली माणसं दिवाळी झाली की उचल घेऊन, पोराबाळांसकट भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. परततात ती पावसाच्या तोंडावर.

आपल्याकडे योजना कमी नाहीत. अंगणवाडी १९७५ पासून आहे, आशाताई २००५ पासून. आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तीन हजारांमागे उपकेंद्र असा निकष आहे. पण हा सगळा हिशोब वर्षभर एका जागी राहणाऱ्या माणसाचा आहे.

मी वैद्यकीय अधिकारी होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. जानेवारी महिना. भट्टीवर दीड वर्षाची पोरगी, आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. दंडघेराची पट्टी तुम्ही पाहिली नसेल. हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असलेली साधी फीत असते. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडून, न आवळता गुंडाळायची. आकडा साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला की तीव्र कुपोषण, आमच्या भाषेत सॅम. हिचा आला ११.२.

जवळच्या अंगणवाडीत गेलो. सेविका म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ही माझ्या यादीत नाय." वाडीवरच्या सेविकेनं नावापुढे 'स्थलांतरित' लिहून ठेवलं होतं. दोघीही खरंच बोलत होत्या. मला त्यांचा राग आला नाही, त्या दोन रजिस्टरांच्या मधल्या जागेचा आला. पोरगी तिथे होती.

पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस राहायला सुचवलं. आई म्हणाली, "मी गेले तर विटा कोण पाडील? जोडीचं काम हाय." बुडीत मजुरी मिळते, हे मी सांगितलं. पण तेवढ्यानं उचल फिटत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

सुदैवानं पोरीला ताप नव्हता, पायांवर सूज नव्हती, आणि पोषक आहाराचं पाकीट समोर धरलं तर तिनं ते चाटूनपुसून खाल्लं. भूक शाबूत असली की उपचार घरी करता येतो. मग भरवायचं कुणी? भट्टीवरचं काम मध्यरात्रीनंतर सुरू होतं, आई मोकळी होते दुपारी. एवढ्याशा पोटाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं लागतं आणि हिला मिळत होतं दोनदा, तेही पातळ डाळभात. तेव्हा आम्ही आईइतकंच त्या थोरल्या बहिणीला शिकवलं. भात घट्ट कालवायचा, वरून चमचाभर तेल घालायचं. पाच ग्रॅम तेलात पंचेचाळीस कॅलरी असतात; पोट न फुगवता लेकराला ताकद मिळते. जमेल तेव्हा उकडलेलं अंडं. शाळेत असायला हवी होती ती मुलगी, हे बोलताना आजही मला बरं वाटत नाही.

सेविकेनं तिचं नाव रजिस्टरच्या शेवटच्या पानावर घेतलं. आशाताईंनी भेटीसाठी खर्चीचा दिवस धरला. आठवड्याचे पैसे हातात पडतात, बाजार होतो, त्या दिवशी आई झोपडीत सापडते. हे कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही.

माझी मागणी आहे ती एवढीच. नोंद लेकरासोबत फिरू द्या. भट्टी पेटली की तिथल्या अंगणवाडीच्या यादीत आणि शिध्यात ही मुलं आपोआप धरा. आणि जी सेविका दोन किलोमीटर चालत भट्टीवर जाते, तिला त्या वाढीव कामाचं मानधन द्या. चांगुलपणावर यंत्रणा चालवणं अन्यायाचं आहे.

सहा आठवड्यांनी दंडघेर ११.८ झाला, लालमधून पिवळ्यात. पिवळा म्हणजे बरं झालं असं नाही, अजून बरीच वाट होती. पावसाआधी कुटुंब वाडीवर परतलं तेव्हा आईनं रेशनकार्डाच्या पिशवीतून आम्ही दिलेली चिठ्ठी काढून तिथल्या सेविकेपुढे धरली. वजन, दंडघेर, शेवटची लस, सगळं त्यात होतं. सेविकेनं पुढचं वजन त्याच चिठ्ठीखाली लिहिलं.