ड्रॅगनस्वारांचे युद्ध आणि दडवलेली माहिती

रसिकहो, रिबेका यारोस या अमेरिकन लेखिकेच्या ‘एम्पायरियन’ मालिकेचा विषय निघाला की बहुतेक जण ड्रॅगनांविषयी आणि व्हायोलेट व झेडन यांच्या प्रेमाविषयी बोलतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ‘फोर्थ विंग’ व ‘आयर्न फ्लेम’ हे २०२३ मधले दोन खंड आणि २०२५ मधला ‘ऑनिक्स स्टॉर्म’ ओळीने वाचले, तर कथानकाची बहुतेक निर्णायक वळणे कुणीतरी दडवलेल्या माहितीतून निघतात असे दिसते, आणि आज मला हेच सूत्र धरून बोलायचे आहे. शेवट सांगितल्यावाचून हे मांडता येणार नाही, तेव्हा ज्यांचे वाचन व्हायचे आहे त्यांनी मला क्षमा करावी.

व्हायोलेट सॉरेनगेल ही वीस वर्षांची मुलगी वडिलांच्या हाताखाली लेखनिक होण्यासाठी, म्हणजे दप्तरखान्यात राज्याचा इतिहास जपण्यासाठी, तयार झालेली असते. सैन्यात जनरल असलेली आई तिला बासगायथ युद्ध महाविद्यालयाच्या स्वारविभागात जबरदस्तीने पाठवते, आणि सांधे सहज निखळणाऱ्या या मुलीला पहिल्याच दिवशी खोल दरीवरचा अरुंद दगडी कठडा चालून जावा लागतो. भीती आवरण्यासाठी ती नव्हार राज्याविषयी पाठ केलेली माहिती म्हणत एकेक पाऊल टाकते. मला हा प्रसंग साऱ्या मालिकेची किल्ली वाटतो, कारण ज्या माहितीच्या आधाराने ती तोल सावरते, त्या माहितीचा गाभाच खोटा असल्याचे त्याच खंडाच्या अखेरीस उघड होते.

नव्हारचे शेजारच्या पोरोमिएलशी चारशे वर्षे युद्ध चालू आहे, आणि ग्रिफिनवर, म्हणजे अर्धा गरुड व अर्धा सिंह अशा पंखधारी प्राण्यावर, स्वार होणारे शत्रू लोभापायी सीमेवर धाडी घालतात, असे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलेले असते. रेसनच्या लढाईत व्हायोलेटला दिसतात ते मात्र व्हेनिन, म्हणजे ड्रॅगनाशी बंध न जोडता थेट जमिनीतून शक्ती ओढून घेणारे आणि मागे ओसाड भूमी ठेवणारे लोक. वडिलांनी दिलेल्या लोककथांच्या पुस्तकात ती त्यांच्याविषयी लहानपणीच वाचून असते, पण त्या गोष्टी खऱ्या असतील असे तिच्या मनातही आलेले नसते. राज्यकर्त्यांना सारे ठाऊक असते; जादूच्या संरक्षक कवचाआड आपली प्रजा सुरक्षित आहे, तेव्हा पलीकडच्यांचे काय व्हायचे ते होवो, असा त्यांचा निर्णय झालेला असतो. म्हणूनच इतिहासाचे पुनर्लेखन हे या कथेतले पहिले युद्धकृत्य ठरते, असे मी म्हणेन.

प्रेमकथाही याच प्रश्नावर उभी आहे. व्हायोलेटचा टॅर्न आणि झेडनची स्गेल हे ड्रॅगन जोडीदार असल्यामुळे त्यांच्या स्वारांना एकमेकांपासून फार काळ दूर राहता येत नाही. झेडन हा नव्हारविरुद्ध झालेल्या बंडाच्या नेत्याचा मुलगा. वडिलांना देहदंड झाल्यावर बंडखोरांच्या १०७ मुलांची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतलेली, आणि तो गुपचूप पोरोमिएलला शस्त्रे पोहोचवतो. दुसऱ्या खंडात तो म्हणतो की तू विचारशील त्याचे उत्तर देईन. तिचा प्रश्न असा की जे आहे हेच ठाऊक नाही, त्याविषयी विचारायचे तरी कसे? काही वाचकांना ही भांडणे लांबलेली वाटतात. मला ती आवश्यक वाटतात, कारण राज्याविरुद्ध तिची जी तक्रार आहे, तीच इथे प्रियकराविरुद्ध आहे. शिवाय ड्रॅगनाशी जुळलेल्या बंधातून स्वाराला मिळणाऱ्या जादुई शक्तींपैकी समोरच्याचा हेतू ओळखण्याची आपली दुसरी शक्ती त्याने लपवलेली असते, कारण अशा शक्तीची शिक्षा मृत्यू आहे.

याच खंडात जेसिनिया पुढे येते. ती कर्णबधिर लेखनिक आहे, खुणांच्या भाषेत बोलते, आणि दप्तरखान्यातली निषिद्ध पुस्तके जीव धोक्यात घालून व्हायोलेटपर्यंत पोहोचवते. पहिल्या खंडाच्या आरंभी एक टीप आहे: हा मजकूर जेसिनियाने आधुनिक भाषेत उतरवला. एरवी नजरेआड होणारी ती ओळ पुन्हा वाचताना कळते की दडवलेला इतिहास अखेर लिहिला गेला, आणि तो एका लेखनिकानेच लिहिला.

मात्र सर्वांत धाडसी वळण व्हायोलेटच्या स्वतःच्या वागण्यात आहे. दुसऱ्या खंडाच्या शेवटी तिला वाचवण्यासाठी झेडन जमिनीतून शक्ती ओढतो आणि व्हेनिन होतो. तिसऱ्या खंडात ती हे गुपित राखते. ज्या खोटेपणाने तिचा मित्र लियमचा बळी घेतला, त्याची झळ सोसलेली मुलगी आता स्वतःच सैन्यापासून सत्य लपवते. व्हायोलेटची दुसरी, लहान वयाची ड्रॅगन अँडार्ना हिच्या वंशाच्या शोधातला बेटांचा प्रवास मला सैल वाटला, पण त्या वंशाचे शांततावादी ड्रॅगन मदत नाकारतात तेव्हा कथा पुन्हा ताठ होते. शेवटी व्हायोलेट जागी होते तेव्हा तिचे बारा तास आठवणीतून गेलेले असतात: तिचे लग्न झाले आहे, झेडन निघून गेला आहे, ड्रॅगनची सहा अंडी नाहीशी झाली आहेत. पहिल्या खंडात बालमित्र डेनने स्पर्शाने तिच्या आठवणी चोरल्या होत्या आणि त्याची किंमत लियमने मोजली. आता आठवणी पुसण्याची शक्ती असलेल्या इमोजेन या सहकारी स्वाराने त्या पुसल्या आहेत, त्याही व्हायोलेटच्याच सांगण्यावरून. लेखिकेने पाच खंडांची योजना जाहीर केली आहे, आणि पुढच्या खंडात व्हायोलेटला आता ज्याच्याकडून उत्तर मागायचे आहे, तो माणूस ती स्वतःच आहे.