पान लागलं (साप चावला) की जखम नाही, पापण्या बघा

(पावसाळ्याआधी आशाताई आणि गावातल्या पोरांसमोर झालेलं बोलणं, थोडं नीट करून)

मंडळी, मी ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक आहे. हार्ट अटॅक, अपघात, बाळंतपण, फीट येणं असं सगळं आमच्याकडे येतं, पण आज जून तोंडावर आलाय म्हणून मी फक्त सापाबद्दल बोलणार आहे. 2000 ते 2019 या काळात आपल्या देशात साधारण 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला 58 हजारच्या आसपास, आणि त्यातली जवळपास निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. बहुतेक खेड्यातली, आणि बरीचशी घरातच गेलेली.

आपल्याकडे जीव घेणारे मुख्य साप चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस चावली तर माणूस ओरडतोच, पाय भराभर सुजतो, नंतर हिरड्यातून रक्त येतं, लघवी लाल होते, किडनीवर जातं. फुरसं कोकणात जास्त, तिथेही रक्त गोठायचं थांबतं. हे दिसतं, लोक घाबरतात आणि निघतात.

मला भीती मण्यारची वाटते.

मण्यार रात्री येते, खाली अंथरुणावर झोपलेल्या माणसाला चावते आणि ते इतकं कमी दुखतं की पुष्कळदा त्याला जागही येत नाही. खूण शोधून सापडत नाही, सूजही नाही. मग पहाटे पोटात दुखतंय, उलटी होतेय, घसा धरलाय असं म्हणत उठतो आणि घरचे म्हणतात रात्रीचं काहीतरी बाधलं, ओवा द्या, सोडा द्या, आणि त्यात दोन तास जातात. म्हणून पावसाळ्यात पहाटे अशी कुणाची तक्रार आली आणि तो खाली झोपला होता, तर आधी त्याच्या पापण्या बघा. वर बघ म्हणा. पापण्या जड झाल्यात, अर्ध्याच उघडतायत, एकाचे दोन दिसतायत, बोलणं जड झालंय, थुंकी गिळता येत नाही, मान उशीवरून उचलता येत नाही, यातलं काहीही दिसलं तर सापच धरून चाला आणि 108 ला फोन लावा. साप कुणी बघितला नाही म्हणून थांबू नका.

गाडीत घेतल्यावर आम्ही काय करतो तेही सांगतो. बोटाला ऑक्सिमीटर लावतो, पण मी नव्या पोरांना कायम सांगतो की त्या आकड्यावर विसंबू नका, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, खाली येतं तोवर खूप उशीर झालेला असतो. त्यापेक्षा पेशंटला एका श्वासात अंक मोजायला लावतो, मघाशी 25 पर्यंत गेलेला माणूस आता 12 वर अडकला तर त्याचे श्वासाचे स्नायू थकत चाललेत, भले सॅच्युरेशन 98 दिसू दे. कुशीवर वळवतो, लाळ सक्शनने काढतो, आणि श्वास पुरेना झाला की अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास द्यायला लागतो आणि हॉस्पिटल येईपर्यंत हात थांबवत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मण्यारच्या विषाने माणूस पूर्ण लुळा पडतो, डोळे उघडत नाहीत, चिमटा काढला तरी हलत नाही, बाहुल्यासुद्धा मोठ्या होऊन उजेडाला हलत नाहीत, पण त्याचं हृदय चालू असतं आणि कित्येकदा त्याला आजूबाजूचं बोलणं ऐकू येत असतं. अशा माणसाला गेला म्हणून सोडू नका, त्याच्यासमोर रडारड करू नका. व्हेंटिलेटरवर काही दिवस काढून असे पेशंट उठून घरी गेलेत.

तुम्ही काय करायचं, तर कमी करायचं. चावलेल्या हातापायातली अंगठी, जोडवी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर ते आतच रुततं. हातपाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका. ब्लेडने कापणं, चोखणं, बर्फ, चुना, काही नको. दोरीने आवळू नका, आणि आधीच कुणी आवळलं असेल तर घाईत घरी सोडू नका, एकदम सोडल्यावर विष झपकन अंगात जाऊ शकतं, डॉक्टरांसमोर सोडू दे. कडुनिंबाचा पाला किंवा मिरची चव कळते का बघायला खाऊ घालतात, ते तर मुळीच नको, गिळता येत नसेल तर घास श्वासनळीत जातो. देवाला नमस्कार करायचा तर गाडीत बसून करा, देवळात आणि देवऋषाकडे न्यायला वेळ नाहीये.

औषध एकच, अँटीव्हेनम. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, आपल्या परळच्या हाफकिनमध्येही बनतं, आणि एकच औषध चारही सापांवर चालतं म्हणून साप मारून आणायची गरज नाही, त्या नादात दुसऱ्याला चावतो. सुरुवातीला साधारण 8 ते 10 वायल (छोट्या बाटल्या) लागतात आणि लहान पोरालाही मोठ्यांएवढाच डोस, कारण सापाने विष काही वजन बघून सोडलेलं नसतं. रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ते दवाखान्यातच, ॲड्रेनलिन हे रिॲक्शनवरचं इंजेक्शन जवळ ठेवून देतात.

मघाशी एका ताईंनी विचारलं, वस्तीवर गाडी येतच नाही तर काय. पेशंटला चालवू नका, बाजेवर किंवा झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणा. अगदीच काही नसेल तर बाईकवर मधे बसवून मागे एकाने घट्ट धरा, आणि निघायच्या आधी दुसऱ्याने ग्रामीण रुग्णालयात फोन करून अँटीव्हेनम आहे का आणि श्वास द्यायची सोय आहे का हे विचारून घ्या. तो नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.