160 एकरांवरची प्रेमकथा

(दृश्य : वायोमिंगच्या नैऋत्य कोपऱ्यातलं बर्न्टफोर्क. गवताचं रान, दक्षिणेला युइंटा पर्वताची रांग.)

1909 सालचा उन्हाळा. गवत कापणीला आलंय आणि माणसं मिळत नाहीत. रँचचा मालक क्लाइड स्टुअर्ट मजुरांच्या शोधात वणवण करतोय. घरात एलिनोर आहे. हे रान नि हा माणूस, दोन्ही तिला नवीन. घोड्यांनी ओढायचं कापणीयंत्र चालवायला ती लहानपणीच शिकलीये, पण त्याला सांगायची तिची छाती होत नाही. बाईमाणसानं हे करू नये म्हणाला तर? एके दिवशी सकाळी तो बाहेर पडतो. ती तबेल्यात जाते, घोडे सोडते, यंत्राला जुंपते आणि कापायला लागते. तो रिकाम्या हाताने परत येतो, तोवर गवताचा मोठा पट्टा आडवा झालेला असतो. तो चकित होतो आणि खूशही.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या शेतीजीवनावर बेतलेल्या गोड, सोज्वळ प्रेमकादंबऱ्यांचा वाचकवर्ग फार मोठा आहे. तिकडे त्यांना ‘स्वीट रोमान्स’ म्हणतात. दिवा मालवल्यानंतरचं काही दाखवायचं नाही, चुंबनापुढे जायचं नाही, हा त्यांचा दंडक. मग चारशे पानं वाचकाला धरून ठेवतं काय? माझं उत्तर त्या गवताच्या पट्ट्यात आहे. या कथांमधलं प्रेम कामातून दिसतं. कोण कुणासाठी पहाटे उठून चूल पेटवतो, कोण न सांगता कुणाचं ओझं उचलतो, यावर सगळी भिस्त. त्यामुळे अशी कादंबरी लिहायची तर आधी ते काम माहीत हवं, आणि ते काम ज्या जमिनीवर चालायचं तिचा कायदाही.

(दृश्य : जुना नकाशा. चौकोनांत आखलेली जमीन.)

तो कायदा म्हणजे होमस्टेड ॲक्ट. 20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकन यांनी त्यावर सही केली आणि 1 जानेवारी 1863 पासून तो लागू झाला. 160 एकर सरकारी जमीन, किरकोळ शुल्कावर. अट अशी की त्या जमिनीवर घर बांधायचं, ती कसायची आणि पाच वर्षं तिथे राहून दाखवायचं. पाच वर्षं झाली की दोन साक्षीदार घेऊन जमीन कार्यालयात जायचं. हा माणूस खरंच इथे राहिला, याने खरंच पेरलं, असं त्यांनी सांगितलं की जमीन नावावर. 1912 मध्ये ही मुदत तीन वर्षांवर आली.

आता कादंबरीकाराच्या नजरेने बघा. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या अविवाहित बाईलाही अशा जमिनीवर दावा लावता येत होता. विधवेला, कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला येत होता. नवऱ्याबरोबर संसार करणाऱ्या बाईला मात्र स्वतःच्या नावाने नवा दावा लावता येत नसे. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव लागणं ही केवढी गोष्ट आहे हे ज्यांनी घरात पाहिलंय, त्यांना इथला ताण समजावून सांगायला नको. लग्न आधी की जमीन आधी? होकार आज द्यायचा की दावा लागेपर्यंत थांबायचं? शेजारचा माणूस मनापासून मदत करतोय, की त्याचा डोळा कुंपणापलीकडच्या 160 एकरांवर आहे? खलनायक उभा न करताही कथा पुढे सरकते, कारण पेच कायद्यातच आहे. सीमेपलीकडे कॅनडात 1872 च्या कायद्याने 160 एकर मिळत, पण 1876 च्या दुरुस्तीनंतर अविवाहित बाईला नाही. त्यामुळे नायिका डाकोटातली की आल्बर्टातली, हा नुसता देखाव्याचा प्रश्न राहत नाही. तिच्या हातात किती पत्ते आहेत, हेच त्यावर ठरतं.

एलिनोर प्रुइट खरीखुरी बाई. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावंडांना तिने वाढवलं. पुढे डेन्व्हरमध्ये कपडे धुण्याची कामं केली. बरोबर छोटी मुलगी, जरीन. तिथून ती घरकामाच्या नोकरीवर वायोमिंगला आली. चोवीस तास रेल्वे आणि पुढे दोन दिवस घोड्यांची स्टेजकोच. तिने स्टुअर्टच्या जमिनीला लागूनच दावा लावला आणि त्याच्याशी लग्न केलं. दावा आधी, लग्न नंतर, मधे जेमतेम काही दिवस. पण डेन्व्हरच्या आपल्या जुन्या मालकीणबाईंना ती जी लांबलचक पत्रं लिहीत होती, त्यांत हे लग्न तिने कितीतरी महिने लपवलं. येऊन सहा आठवडे होतात न होतात तोच आपण लग्न केलं, हे सांगायची तिला लाज वाटत होती. शेवटी सांगितलं तेव्हा हेही सांगितलं, की वसंतातल्या कामांच्या धबडग्यात लग्नाला उभी राहिले तेव्हा अंगावर एप्रन तसाच होता आणि पायांत जुनेच बूट होते.

ही पत्रं ‘अटलांटिक मंथली’ मासिकात छापून आली आणि 1914 मध्ये त्यांचं पुस्तक झालं. कादंबरी लिहू पाहणाऱ्या कुणालाही मी आधी तेच वाचायला सांगेन. गवतकापणीच्या त्या हंगामाचा हिशोब तिने एका पत्रात दिलाय. स्वयंपाक बहुतेक रात्री उरकला, रोज सात गायींचं दूध काढलं, गवत सगळं आपणच कापलं. शिवाय रानातल्या गूजबेरी, करंट, रासबेरी आणि चेरी गोळा करून तीस पाइंट (एक पाइंट म्हणजे साधारण अर्धा लिटर) जेली घातली आणि तेवढाच जॅम. ‘ती फार कष्टाळू होती’ हे वाक्य कुणीही लिहील. तीस पाइंट जेली लिहायला ते जग ठाऊक असावं लागतं.

(दृश्य : लाकडाच्या फळीवर फिरणारा रंधा. निवेदनाचा वेग इथे कमी.)

याच पत्रांत एक पान आहे, जे वाचताना मी दर वेळी थांबते. त्यांचा पहिला मुलगा तान्हा असतानाच गेला. जवळपास डॉक्टर नव्हता, धर्मगुरूही नव्हता. क्लाइडला सुतारकाम येत होतं. त्या इवल्या शवपेटीचं सगळं लाकूडकाम त्याने स्वतः केलं, आणि तिने आतून अस्तर लावलं, गादी भरली, वरून कापड चढवलं. विकत घेता आली असती, असं ती मुद्दाम लिहिते. पण आपल्या पहिल्या बाळाचं सगळं आपल्याच हातांनी करायचं होतं. शेवटच्या प्रार्थनेसाठी बायबलमधला उताराही तिनेच निवडला.

गोड कादंबरीत दुःख नसतं असं समजणाऱ्यांनी हे पान वाचावं. नवरा-बायकोच्या नात्याबद्दल एवढं सांगणारा प्रसंग मी क्वचित वाचलाय.

आणखी एक गोष्ट पत्रांत नाही, ती कागदपत्रांत सापडते. 1912 मध्ये एलिनोरने आपला दावा सोडून दिला आणि ती जमीन सासूच्या नावाने लागली. नवरा-बायको एकाच घरात राहतात, मग दोन वेगळ्या दाव्यांवर वेगवेगळा रहिवास दाखवायचा कसा, ही अडचण होती. वाचकांच्या मनात मात्र ती एकटीने जमीन मिळवणारी बाई म्हणूनच राहिली. मला त्यामुळे ती कमी वाटत नाही. उलट पत्र लिहिणारी एलिनोर आणि जमीन कार्यालयात सही करणारी एलिनोर या दोघींच्या मधली जागा, तीच कादंबरीची जागा.

(दृश्य : बर्फाने झाकलेलं दक्षिण डाकोटाचं मैदान.)

अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं नाव इथे टाळता येत नाही. जन्म 1867 चा, पहिलं पुस्तक आलं 1932 मध्ये, वयाच्या पासष्टीत. 1943 मध्ये आलेल्या, स्वतःच्याच आयुष्यावर बेतलेल्या त्यांच्या पुस्तकात प्रेमाची जी गोष्ट आहे, तिच्यात सोळाव्या वर्षात असलेली लॉरा घरापासून बारा मैलांवरच्या शाळेत शिकवायला जाते. परक्या घरात राहते, जीव रमत नाही. दर शुक्रवारी अल्मांझो वाइल्डर घोड्यांची बर्फगाडी घेऊन तिला घरी न्यायला येतो, पारा उणे चाळीसवर असतानाही. ती त्याला स्पष्ट सांगते : मी फक्त घरी जायला मिळावं म्हणून तुमच्या गाडीत बसते, शाळा संपली की बसणार नाही. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा येतो. लग्नाच्या वेळी ती त्याला सांगते, नवऱ्याच्या आज्ञेत राहीन असं वचन मी देणार नाही, आणि तो ते मान्य करतो.

1885 मध्ये त्यांचं लग्न झालं. पुस्तक तिथे संपतं. आयुष्य पुढे गेलं ते असं : घटसर्प, पिकं बुडाली, कर्ज वाढलं, 1889 मध्ये तान्हा मुलगा गेला आणि त्याच वर्षी घर जळलं. याचंही हस्तलिखित लॉरा यांनी केलं होतं, पण हयातीत छापलं नाही. त्या 1957 मध्ये वारल्या. ते पुस्तक निघालं 1971 मध्ये. गोष्ट कुठे थांबवायची याचा निर्णय लेखिकेच्या हाती असतो, आणि गोड कादंबरीत तर तो फार जपून घ्यावा लागतो. लग्नाच्या दारात थांबणं ही फसवणूक नाही, असं मला वाटतं. पण दाराआड काय आहे हे लेखिकेला माहीत असावं. माहीत असलं की शेवटच्या पानावरच्या आनंदाला वजन येतं.

आज दुकानात ज्या प्रकाराच्या रांगाच्या रांगा दिसतात, त्याला जोर चढला तो 1979 मध्ये, जेनेट ओक यांच्या पहिल्या कादंबरीने. त्या आल्बर्टातल्या चँपियनच्या, 1935 चा जन्म, प्रेअरीच्या, म्हणजे गवताळ मैदानातल्या, शेतावर वाढलेल्या. त्यांची नायिका मार्टी पश्चिमेला पोचते न पोचते तोच विधवा होते आणि पोटात मूल असतं. क्लार्क विधुर, घरात आईविना पोर. लग्न गरजेपोटी, आणि वसंतात पूर्वेला गाड्या निघाल्या की तुला परत जायचं भाडं देईन असं त्याचं वचन. अख्खा हिवाळा एका छपराखाली, दोन परकी माणसं. बाकीचं काम हिवाळा करतो.

तपशिलांची खाण तर अफाट आहे. झाडं नसलेल्या मैदानात गवताच्या मुळांसकट नांगराने कापलेल्या मातीच्या पट्ट्या रचून घरं बांधत. भिंती हात-दीड हात जाड. पाऊस थांबला तरी छप्पर गळत राही, म्हणून वर कापड ताणत. सरपण नाही, म्हणून रानातलं वाळलेलं शेण गोळा करून जाळायचं. गोवऱ्यांच्या धुरात वाढलेल्या मराठी वाचकाला त्या चुलीचा वास वेगळा सांगावा लागणार नाही. 1880-81 च्या हिवाळ्यात रेल्वे बर्फात अडकली तेव्हा डाकोटातल्या डी स्मेट गावात वाळलेल्या गवताच्या पेंढ्या पिळून जाळल्या आणि कॉफीच्या जात्यावर गहू दळला. शाळेच्या मदतीसाठी जेवणाच्या डब्यांचा लिलाव होई. जो डबा घेईल त्याने तो करणाऱ्या मुलीबरोबर जेवायला बसायचं. डबा कुणाचा हे गुपित, पण रिबिनीचा रंग आधीच कुणाच्या तरी कानावर घातलेला असे.

(दृश्य : पुन्हा तोच नकाशा. चौकोनांच्या रेषा पुसट होतात.)

हे चौकोन कोऱ्या कागदावर आखलेले नव्हते. तिथे लाकोटा, डाकोटा, पॉनी, शायान लोक राहत होते आणि करार मोडून, फौजा घालून त्यांना हटवलं गेलं. लॉरा यांच्या पुस्तकांतल्या मूलनिवासींच्या चित्रणामुळे अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेच्या विभागाने 2018 मध्ये त्यांच्या नावाच्या पुरस्काराचं नाव बदललं. आज या प्रकारात लिहिणाऱ्याने नायिकेच्या जमिनीवर पाच वर्षांपूर्वी कुणाची वस्ती होती हे शोधलंच पाहिजे. ते कादंबरीत आलं तर गोडवा कमी होतो, हे मला पटत नाही. ज्या माणसांवर आपण वाचकाला जीव लावायला सांगतो, ती कुठे उभी आहेत हे लपवून तो जीव लागत नाही.

शोधायला जागाही आहे. दाव्यांच्या मूळ फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि नेब्रास्कासारख्या राज्यांच्या फायली आता संगणकावर वाचता येतात. एका फायलीत घराची लांबी-रुंदी, खिडक्या, विहीर, किती एकर फोडले, काय पेरलं, जमीन सोडून किती दिवस बाहेर राहिलात आणि कशासाठी, याची उत्तरं असतात. खाली दोन शेजाऱ्यांची साक्ष. सही येत नसेल तर फुली.