मिरजेची चिठ्ठी, कागवाडची गोळी

(दृश्य: कागवाडचा बसस्टँड, सकाळ. मिरजेला जाणारी गाडी लागली आहे. खिडकीपाशी बसलेल्या मावशींच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट.)

निवेदन:
कागवाडवाल्यांना मिरज जवळची. निपाणीतून कोल्हापूर सोयीचं पडतं, खानापूरची माणसं बेळगाव गाठतात. सीमाभागात दुखणं घेऊन निघालेला माणूस आधी विचारतो, हात कोणाचा चांगला आहे. राज्य कुठलं, हे तो विचारत बसत नाही. मग गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत होतं, झोपेची गोळी गावातल्या डॉक्टरांची चालू असते आणि अंगात कणकण आली की कोपऱ्यावरचं मेडिकल आहेच. तीन ठिकाणी औषध देणाऱ्या तिघांची एकमेकांशी कधी गाठ पडत नाही. औषधांची मात्र पडते.

ऑपरेशननंतर किंवा हाड मोडल्यावर साध्या गोळीनं दुखणं आवरत नसेल, तर बऱ्याचदा दोन औषधांची एक गोळी लिहून दिली जाते. त्यातलं एक ट्रामाडॉल, दुसरं पॅरासिटामॉल. ट्रामाडॉल अफूच्या जातकुळीतलं. ते मेंदूवर आणि मज्जारज्जूवर काम करून दुखण्याची जाणीव कमी करतं. पॅरासिटामॉल तर घराघरात आहे, तापाचं म्हणून.

मावशी सांगतात, "काय सांगू बाई, रातभर डोळ्याला डोळा न्हाई. गोळी खाल्ली तवा कुठं जरा पाय हलवाय आला."

हे ऐकून कुणी नाक मुरडू नये. ऑपरेशननंतर दुखणं सोसत पडून राहिलं, तर माणूस चालत नाही आणि गुडघा आखडतो. डॉक्टरांनी ही गोळी दिली असेल तर सांगितली तितकी, सांगितले तितके दिवस घ्यावी. घाबरून ती फेकून द्यायचं कारण नाही.

(दृश्य: गोळ्यांचं पाकीट जवळून. डाव्या बाजूला उभी लाल रेघ, शेजारी चौकटीतली बारीक अक्षरं.)

ही लाल रेघ पाहा. अशा औषधांवर ती छापावीच लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध किती दिलं, हे वहीत लिहून ठेवावं लागतं, आणि ती वही तीन वर्षं सांभाळावी लागते. 2018 मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. म्हणून ओळखीचा मेडिकलवाला चिठ्ठी मागत असेल तर त्याच्यावर चिडू नका. तो तुमचंच बघतोय.

आता मागची बाजू. अक्षरं बारीक आणि इंग्रजी. घरातल्या शाळकरी पोराला शेजारी बसवा आणि प्रत्येक पाकिटावर पॅरासिटामॉल कुठे कुठे लिहिलंय ते शोधायला सांगा.

(दृश्य: पाटावर तीन पाकिटं. वहीत पेन्सिलीनं बेरीज.)

ऑपरेशनच्या गोळीत 325 मिलिग्रॅम. दिवसाला चार म्हटल्या तर 1300. कणकण वाटली म्हणून तापाची 650 ची गोळी, तीही चार वेळा, 2600. वर सर्दीच्या दोन गोळ्या, प्रत्येकीत 500. बेरीज 4900. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000. वयस्कर, अंगानं बारीक, लिव्हरचा त्रास असलेला किंवा रोज पिणारा असेल तर त्याची मर्यादा याहून खाली, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. तिन्ही पाकिटांची नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून आपण एकच औषध तीनदा घेतोय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. लिव्हर लगेच कुरकुरत नाही. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, कधी तेवढीही नाही. डोळे पिवळे दिसेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. गोळ्या जास्त गेल्याचं कळलं की त्रास व्हायची वाट बघू नका, दवाखाना गाठा.

ट्रामाडॉलचा धोका वेगळा, तो श्वासाचा. या गोळीवर दारू नको, संध्याकाळची थोडीशीसुद्धा नको. झोपेची किंवा घबराटीची गोळी, नसांच्या दुखण्यावरची गोळी चालू असेल तर ते मिरजेच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं. यातलं प्रत्येक औषध गुंगी आणतं, आणि एकत्र आली की श्वास मंद होतो. फिट येत असतील किंवा नैराश्यावरची औषधं चालू असतील, तर तेही सांगा; काही औषधांबरोबर ट्रामाडॉलनं फिट येऊ शकते. बारा वर्षांखालच्या मुलांना ही गोळी अजिबात नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण औषध दुधातून बाळाकडे जातं.

म्हणून आमचं कळकळीचं सांगणं एकच. दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घाला. नातेवाइकांनी दिलेली, आयुर्वेदिक म्हणून घेतलेली, सगळी. आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. ते घाईत असले तरी करा.

(दृश्य: उसाच्या फडाशेजारी उभा ट्रॅक्टर.)

गोळी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस चक्कर येते. ट्रॅक्टर, मोटारसायकल, विळा-कोयता दूर ठेवा. वयस्कर माणसाला रात्री मोरीपर्यंत हात धरून न्या. नवा गुडघा घेऊन पडणं फार वाईट. पोट साफ होत नाही, हा तर ठरलेला त्रास. पाणी भरपूर प्या, आणि लाजत बसू नका, पोटाचं औषध मागून घ्या. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या नकोत. बरेच आठवडे घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. घाम येतो, जीव कासावीस होतो, झोप उडते. डॉक्टर ती हळूहळू कमी करून देतात. दुखणं थांबलं तरी गोळीची ओढ राहिली असेल, तर 14446 या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर बोला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

उरलेल्या गोळ्या शेजारच्या मामांच्या कंबरेसाठी देऊ नका. त्यांना काय काय चालू आहे, तुम्हाला ठाऊक नसतं. नातवंडांच्या हाताला लागतील अशा देवळीतही ठेवू नका. नष्ट कशा करायच्या ते मेडिकलमध्ये विचारा.

(दृश्य: रात्र. घरात दिवा लागतो.)

गोळी घेतलेला माणूस हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, घशातून घरघर येत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर "झोपू दे, दमलाय" म्हणून दार ओढून घेऊ नका. त्याला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. तोंडात पाणी, चहा, लिंबू काही घालू नका. गाडी येईपर्यंत शेजारी बसून श्वासाकडे लक्ष ठेवा. निघताना घरातली गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, रिकामी झालेलीसुद्धा. किती गोळ्या गेल्या याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरून येतो.