केळीच्या बागेत शूटिंगचा एक दिवस

नमस्कार श्रोतेहो.

शाळेच्या माध्यम प्रकल्पासाठी आठवी-नववीची पाच-सहा मुलं मोबाइल घेऊन केळीच्या बागेत निघाली, की सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं. आवाजाची आठवण संध्याकाळी होते, तीही फिल्म जोडायला बसल्यावर. म्हणून आज आधी आवाजाचं बोलू. थोडं हललेलं चित्र लोक चालवून घेतात, पण बोलणं कळेनासं झालं की उठून जातात. रावेर-यावलकडची तावडी बोली असो की धुळे-अमळनेरकडची अहिराणी, मुलाखत देणारे आजोबा रंगात येऊन बोलतात ते एकदाच. ‘आबा, पुन्हा तसंच सांगा ना’ म्हटलं की ते हमखास पुस्तकी मराठीवर येतात. त्यामुळे पहिला टेक जपायचा.

मोबाइलचा स्वतःचा माइक चहूकडचं ऐकतो. बोलणारा सहा फुटांवर असला तर त्याच्या शब्दांइतकीच पानांची सळसळ आणि मोटरीची घरघर भरली जाते. यावर स्वस्त उपाय म्हणजे तारेचा कॉलर माइक आणि दुसरा मोबाइल. माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा आणि त्यावरचा स्पंज काढू नका, वाऱ्याचा भसभसाट तोच अडवतो. उपरणं किंवा गळ्यातली माळ माइकला घासत नाही ना, हे हेडफोन लावून तपासा. दुसरा मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून आबांच्या खिशात ठेवा. दोन्ही मोबाइल सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. जोडताना टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की बाकीचं आपोआप जुळतं. ही टाळी विसरली तर ओठ आणि शब्द जुळवण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

शेतीपंपाची लाईट पाळीने येते. आदल्या दिवशीच शेतमालकाला वेळ विचारून घ्या आणि मुलाखत लाईट नसताना ठेवा. प्रश्न विचारणाऱ्याने ‘हं, हो, बरं’ म्हणू नये, नुसती मान हलवावी. तो हुंकार नंतर काढता येत नाही. मुलाखत संपल्यावर सगळ्यांनी गप्प राहून बागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट भरून घ्या. वाक्यं कापल्यावर मध्ये जी पोकळी राहते, ती यानेच भरते.

आता चित्र. दाट बागेत पानांतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो आणि त्यात चेहरे आजारी दिसतात. माणसाला बागेच्या कडेला, मोकळ्या सावलीत बसवा आणि पांढऱ्या थर्माकोलच्या पत्र्याने उजेड चेहऱ्यावर परतवा. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड बांधला जातो. हे केलं नाही तर मागे पान हललं तरी चित्र उजळतं-काळवंडतं. आणि लेन्स पुसा! खिशातल्या मोबाइलच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा असतोच.

घड उतरवण्याचं काम शूटिंगसाठी फार सोयीचं आहे. एक जण कोयत्याने दांडा तोडतो, दुसरा घड खांद्यावर झेलतो, आणि हेच दिवसभर चालतं. मग मजुरांना कशाला थांबवायचं? पहिला घड लांबून घ्या, दुसऱ्याला फक्त हात, तिसऱ्याला चेहरा. एकाच मोबाइलने तीन कॅमेऱ्यांचं काम होतं. प्रत्येक शॉट किमान 10 सेकंद, मोबाइल आडवा आणि स्थिर. कोयत्यापासून दूर उभे राहा; केळीचा चीक कपड्यांवरून जात नाही, तेव्हा जुने कपडे घाला. मजुरांनाही आधी विचारा. कुणी नको म्हटलं तर कॅमेरा तिकडे वळवू नका.

पॅकिंगच्या शेडमध्ये दिव्याखाली चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा मिणमिणतात. कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमवर, म्हणजे 25 चित्रांवर, आणि शटर, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, 1/50 सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. ही सोय नसेल तर फण्या धुण्याचं काम शेडच्या तोंडाशी, दिवसाच्या उजेडात टिपा. 1080, म्हणजे फुल एचडी दर्जावर, एका मिनिटाला साधारण 100 ते 130 एमबी लागतात, म्हणजे तासाभराला 6 ते 8 जीबी. तेवढी जागा आदल्या रात्रीच मोकळी हवी.

उन्हाळ्यात शूटिंग सकाळी नऊच्या आत आटपा. मोबाइल साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो. तापलेला मोबाइल मुलाखतीच्या मध्येच रेकॉर्डिंग थांबवतो. त्याला फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. कव्हर काढून सावलीत ठेवा. दुपारी घरात, खिडकीजवळच्या टेबलावर कोयता, केळफूल, चिरलेलं खोड मांडून जवळून शॉट घ्या. चाळीसगावच्या केकी मूस यांनी टेबलावर वस्तू मांडून केलेल्या छायाचित्रणातूनच मोठं नाव कमावलं, हे मुलांना जरूर सांगा.

घरी आल्यावर सगळ्या फाइली संगणकावर आणि पेनड्राइव्हवर, अशा दोन ठिकाणी उतरवा आणि दोन्हीकडची प्रत्येक फाइल उघडून बघा. तोवर मोबाइलमधलं काही पुसू नका. बोलीतलं बोलणं लिहून काढायला आबांच्याच घरातलं कुणी सोबत घ्या. खाली प्रमाण मराठीत ओळी द्या, पण बोलीवर दुसऱ्याचा आवाज चढवू नका. तयार फिल्मची पहिली प्रत आबांच्या घरी पोचवा.

नमस्कार.