छपराचं वजन

[दृश्य : कोबे, मेरिकेन पार्क. कललेले दिव्याचे खांब, समुद्रात खचलेला धक्का. मागे बंदरातली आजची वर्दळ.]

निवेदन :

जपानमधल्या कोबे बंदराच्या काठावरची ही बाग. सगळं नवं, नीटनेटकं. पण याच बागेच्या एका कडेला साठ मीटरचा जुना धक्का मुद्दाम मोडलेलाच ठेवला आहे. दिव्याचे खांब कललेले, काँक्रीटच्या लाद्या फुटून पाण्यात उतरलेल्या. 17 जानेवारी 1995 रोजी पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी भूकंपाने इथे जे केलं, ते कुणी नीट करायला गेलं नाही.

कठड्याशी उभी असलेली ही मुलं महाराष्ट्रातली. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची. जपानच्या जेएसटी या विज्ञान-तंत्रज्ञानाला चालना देणाऱ्या सरकारी संस्थेने 2014 मध्ये साकुरा सायन्स हा उपक्रम सुरू केला, आणि अशा थोड्या दिवसांच्या अभ्यासभेटींची वाट आशियातल्या विद्यार्थ्यांना मोकळी झाली. काही विद्यापीठं आपापसातल्या करारांतूनही मुलांची अशी देवाणघेवाण करतात. दिवस मोजकेच, त्यामुळे वेळापत्रक गच्च असतं. प्रयोगशाळा, व्याख्यानं, एखादी सहल, शेवटी सादरीकरण. आणि मग परतीचं विमान.

एवढ्या दिवसांत मुलं काय शिकणार, असं कुणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे. या गटाला मात्र इथे एक धागा सापडला. तो मराठवाड्यातून निघतो आणि इथे कोबेत येऊन पोचतो.

[दृश्य : विद्यापीठातली प्रयोगशाळा. कपाटाच्या माथ्याशी थांबलेला कॅमेरा.]

पहिल्या दिवशी मुलांनी फोटो काढले ते कपाटांचे. पुस्तकांचं प्रत्येक कपाट लोखंडी एल अँगलने भिंतीला जखडलेलं. बाटल्यांच्या फळ्यांना पुढून आडवी पट्टी. दाराशी हेल्मेट आणि पाठीवरची पिशवी, पिशवीत टॉर्च, पाणी, हातमोजे. मुलांच्या राहत्या खोल्यांतही तेच. कपाट आणि छत यांच्यामध्ये स्प्रिंगचा दांडा घट्ट बसवलेला, हादरा आला तरी कपाट अंगावर येऊ नये म्हणून. दिवाळीच्या सफाईला आपण सहज सरकवतो ते कपाट माणूस मारू शकतं, हे आपल्याकडे कोणत्या तासाला शिकवतात?

मुलांचे मोबाइलही इथे आल्यावर भूकंपाची पूर्वसूचना द्यायला सज्ज झाले. 2007 पासून जपानमध्ये ही सूचना सर्वांसाठी खुली आहे. भूकंपाची पहिली, हलकी लाट उपकरणांना कळते, आणि मागून येणारी जोरकस लाट पोचण्याआधी काही सेकंद हाताशी येतात. टेबलाखाली शिरायला तेवढे पुरतात. जमीन अगदी पायाखालीच फाटली तर मात्र तेवढेही मिळत नाहीत. 1995 ला कोबेत तसंच झालं असतं.

[दृश्य : कोबेचं भूकंप संग्रहालय. शहराचे जुने फोटो. आडवा पडलेला उड्डाणमार्ग.]

त्या पहाटे 6,434 माणसं गेली. हानशिन एक्स्प्रेसवेचा 635 मीटरचा पट्टा खांबांसकट आडवा झाला. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं आणि कोबेचा भूकंप म्हणजे पडलेला पूल, असं आपल्या डोक्यात बसलं. मृत्यूंचा हिशेब मात्र वेगळा आहे. बहुतेक लोक मेले ते आपल्या घरात, आपल्या अंथरुणात, कोसळलेल्या घराखाली दबून.

ती घरं जुनी होती, लाकडी होती. लाकडी घर हलकं, मग ते का पडावं? उत्तर छपरात आहे. या भागात वादळं येतात. छप्पर उडू नये म्हणून जड कौलं वापरायची आणि ती ओल्या मातीच्या थरावर बसवायची, ही इथली जुनी रीत. वाऱ्याशी झुंजायला ती उत्तम. पण जमीन हलली की तेच वजन माथ्यावर झुलतं. खाली बारीक खांब, रस्त्याच्या बाजूला भिंती जवळजवळ नाहीतच, लाकूड कुठे वाळवीने पोखरलेलं. तळमजला बसला, वरचा मजला आणि छप्पर त्यावर आलं.

हे ऐकताना गटातली एक मुलगी वहीत लिहायची थांबली. तिचं गाव औसा तालुक्यात आहे, किल्लारीपासून फार लांब नाही.

[दृश्य : किल्लारी, 1993 चे जुने फोटो. नंतर माळवदाच्या एका जुन्या घराचं चित्रण, भिंत जवळून.]

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, काही नोंदींत आकडा त्याहून मोठा आहे.

मराठवाड्यातलं ते जुनं घर आठवा. दगडी भिंत, दोन-अडीच फूट जाड, कुठे त्याहून जास्त. बाहेरून पाहिली तर किल्ल्यासारखी. पण ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत माती, चिपा, खडे. दोन्ही थरांना एकमेकांत गुंतवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा राहावा म्हणून दर काही वर्षांनी त्यावर आणखी माती पडायची. प्रत्येक पिढी आपापल्या परीने घर सांभाळत होती, आणि छपराचं वजन वाढत होतं.

हादरा बसला तसे भिंतीचे दोन थर फुगून सुटले. काही घरांत खणाच्या लाकडी खांबांवर पेललेलं माळवद तसंच उभं राहिलं आणि दगड मात्र आत झोपलेल्यांवर कोसळले. जिथे माळवद भिंतींवरच टेकलेलं होतं, तिथे सगळंच खाली आलं.

मुलीचे आजोबा वाचले, कारण त्या रात्री ते शेतात आखाड्यावर झोपले होते. घरातले बाकीचे गावात होते.

[दृश्य : कोबे विद्यापीठ, रोक्कोदाई. डोंगरउतारावरचा परिसर, स्मृतिशिळा.]

कोबे विद्यापीठ रोक्को डोंगराच्या उतारावर आहे. खाली शहर, त्यापलीकडे समुद्र. या आवारात एक स्मृतिशिळा आहे. 1995 च्या भूकंपात या विद्यापीठाचे 39 विद्यार्थी गेले. त्यांतले कितीतरी जण परगावाहून शिकायला आलेले, परवडतं म्हणून डोंगराखालच्या जुन्या लाकडी घरांत भाड्याने राहणारे.

मुलं या शिळेसमोर बराच वेळ थांबली. आपल्या वयाची मुलं, आपल्यासारखीच कॉट बेसिसवर राहणारी. परीक्षेचा हंगाम जवळ आलेला. यांच्यासाठी कोणता आयएस कोड (बांधकामाचं भारतीय मानक), कोणता झोन फॅक्टर (त्या भागाच्या भूकंपधोक्याचा आकडा) हे प्रश्न त्या क्षणी कागदावरचे राहिले नाहीत.

[दृश्य : मिकी शहर. ई-डिफेन्सची अवाढव्य इमारत, आत रिकामा मंच.]

आता या भेटीतली सगळ्यात महत्त्वाची जागा. कोबेच्या उत्तरेला मिकी शहरात ई-डिफेन्स नावाची प्रयोगशाळा आहे. 2005 मध्ये सुरू झालेली. तिचा गाभा म्हणजे 20 मीटर लांब, 15 मीटर रुंद पोलादी मंच. त्यावर 1,200 टनांपर्यंतची इमारत उभी करायची आणि भूकंपात जमीन जशी हलली तशी, पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली, हलवायची. पुस्तकातलं प्रारूप इथे आणत नाहीत, खरं घर आणतात.

मुलं गेली त्या दिवशी मंच रिकामा होता. मोठ्या चाचण्या वर्षात मोजक्याच होतात, तयारीलाच महिने लागतात. पण काठावरच्या सज्जातून तो मंच पाहणं हेही कमी नव्हतं. मग त्यांना दाखवली 2005 सालची चित्रफीत.

दोन घरं शेजारी शेजारी. जुन्या नियमांच्या काळातली, लोक राहून गेलेली, एकसारखी दोन लाकडी घरं उचलून इथे आणलेली. एकाला हात लावला नाही. दुसऱ्याला भिंतींत जादा आधार दिला, खांब-तुळयांचे सांधे लोखंडी पट्ट्यांनी बांधले. मंच सुरू झाला तो कोबेत 1995 ला नोंदलेल्या कंपनांवर. काही सेकंदांत पहिलं घर तळमजल्यावर बसलं. धूळ उडाली. दुसरं घर करकरलं, वाकलं आणि उभं राहिलं.

चित्रफीत संपल्यावर मुलांनी ती पुन्हा लावायला सांगितली, आणि मग आवाज बंद करून आणखी एकदा.

आमच्या मते या संपूर्ण भेटीचं मोल या एका चित्रफितीत आहे. बुलेट ट्रेनच्या वेगाचं कौतुक घरबसल्याही करता येतं. पण जुनं घर पाडून नवं बांधायला पैसे नसतात तेव्हा काय करायचं, हा प्रश्न जपानचाही होता आणि मराठवाड्याचाही आहे. जपानमध्ये 1 जून 1981 पासून नवे, कडक भूकंपरोधक नियम लागू झाले. त्यानंतरच्या इमारती 1995 मध्ये कितीतरी चांगल्या टिकल्या. पडली ती बहुतांशी आधीची घरं. म्हणून 1995 च्याच अखेरीस जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाला चालना देणारा कायदा आला, आणि तो पटवण्यासाठी दहा वर्षांनी मिकीत हे घर सगळ्यांसमोर पाडून दाखवलं.

किल्लारीनंतर आपल्याकडेही मोठं काम झालं, हे विसरून चालणार नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने बावन्न गावं नव्या जागी उभी राहिली. हजारो जुन्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. दगडी भिंतीत भोक पाडून सळईचा आरपार काँक्रीटचा तुकडा बसवायचा, दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा घालायचा, माळवदावरची जादा माती उतरवायची. उपाय साधे होते, गावातल्या गवंड्याला जमणारे होते. भूकंपाआधी किल्लारीचा भाग देशाच्या भूकंपधोक्याच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता. 2002 च्या सुधारणेत पहिला झोनच रद्द झाला आणि हा पट्टा तिसऱ्या झोनमध्ये गेला. कमी धोक्याच्या मानलेल्या भागातही मोठा भूकंप होऊ शकतो, हा कोयनेच्या 1967 च्या भूकंपाने दिलेला इशारा किल्लारीने दुसऱ्यांदा दिला होता. हे सगळं महाराष्ट्रात घडलेलं आहे, आणि तरी या गटातल्या बहुतेक मुलांनी किल्लारी पाहिलेलं नव्हतं. मिकीला येण्याआधी ते पाहायला हवं होतं असं आम्हाला मनापासून वाटतं. सिव्हिलच्या प्रत्येक कॉलेजने ती एक दिवसाची सहल काढावी. खर्च एसटीच्या तिकिटाचा.

[दृश्य : बसच्या खिडकीतून आकाशी काइक्यो पूल. मनोरे, केबल, खाली सामुद्रधुनी.]

अवाजी बेटावर जाताना आकाशी काइक्यो पूल लागतो. मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, 1,991 मीटर. 1998 मध्ये खुला झाला तेव्हापासून 2022 पर्यंत जगातला सर्वांत लांब झुलता गाळा हाच. आराखड्यात मात्र तो 1,990 मीटरचा होता. भूकंप झाला तेव्हा दोन्ही मनोरे उभे होते, केबल ओढून झाली होती. जमीन सरकली, मनोरे एकमेकांपासून जवळपास मीटरभर लांब गेले. अभियंत्यांनी पुढचा आराखडा त्या नव्या अंतराप्रमाणे बदलला आणि काम चालू ठेवलं. बसमध्ये हे ऐकल्यावर मागच्या बाकांवरची मुलंही पुढे आली.

[दृश्य : होकुदान, नोजिमा भ्रंश संग्रहालय. छताखाली जपलेली भेग.]

अवाजीवर नोजिमा भ्रंश आहे, म्हणजे भूकंपात जिथे खडक तुटून सरकतात ती भेग. तो 1995 ला जसा फुटला तसा 140 मीटर लांबीत छताखाली जपलेला आहे. एका सरळ रेषेत लावलेलं कुंपणाचं झुडूप मध्येच तुटून पुढे सरकलंय. पाण्याचा पन्हाळ तुटलाय, जमिनीला पायरी पडली आहे. अगदी लागून एक काँक्रीटचं घर आहे. भ्रंश त्याच्या आवारातून गेला, जमीन थोडी कलली, घर उभं राहिलं. मुलांनी त्याच्या स्वयंपाकघरातही डोकावून पाहिलं. भूकंपानंतर घरात झालेली पडझड तिथे तशीच मांडून ठेवली आहे.

किल्लारीतही जमिनीवर भेग उमटली होती, तुटक तुटक, साधारण किलोमीटरभर. ते रान होतं, पोट होतं, कुणीतरी ते पुन्हा नांगरणारच होतं. शेतकऱ्याला दोष नाही. पण निदान एका तुकड्यावर छप्पर घालता आलं असतं.

[दृश्य : सादरीकरणाचा वर्ग. फळ्यावर भिंतीचा उभा छेद.]

शेवटच्या दिवशी सादरीकरण होतं. औशाच्या त्या मुलीने फळ्यावर आपल्या आजोबांच्या घराची भिंत काढली. दोन थर, मधे भराव, वर माळवद. तिथल्या प्राध्यापकांनी खडू हातात घेतला आणि प्रश्न विचारत गेले. भिंत वरच्या बाजूला फुगली आहे का? कोपऱ्यात दगड एकमेकांवर आलटून पालटून बसवलेत की नुसते टेकवलेत? माळवदावर माती किती इंच? 1993 नंतर ती वाढली का?

तिला निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. "सर, मी घरी जाऊन मोजून सांगते," ती म्हणाली.

[दृश्य : औसा तालुक्यातलं गाव. शिडी, मोजपट्टी, माळवदावर चढलेली मुलं.]

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिने आणि तिच्या तिघा मित्रांनी हाच घेतलाय. किल्लारीच्या परिसरात ज्या गावांचं पुनर्वसन झालं नाही, तिथली माळवदाची घरं मोजायची. घरमालकाला विचारून सोयीच्या वेळी जायचं, भिंतीची जाडी घ्यायची, माळवदाच्या कडेला सळई खुपसून मातीची खोली पाहायची, मजबुतीकरणाच्या वेळी बसवलेले आरपार तुकडे अजून जागेवर आहेत का ते शोधायचं. काही घरांत ते सापडतात, काहींत त्यावर गिलावा झालाय आणि घरातल्या सुनेला ते कशासाठी आहेत हे माहीत नाही. मग मुलं तिला समजावून सांगतात.

आजोबांच्या घरावर माती सतरा इंच निघाली. आजोबा म्हणाले, "मागच्या सालीच टाकली की गं थोडी, गळत होतं." दुसऱ्या दिवशी चौघं घमेली घेऊन वर चढले.